कॉट कुठं टाकायची?

दोस्तांनो, बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. इंजिनीअरिंग की फार्मसी? बी.एस्सी. की बी.कॉम.? कोणत्या कॉलेजचं नाव मोठं? मामा एक सांगतात, आत्या दुसरंच सांगते, शेजारचे काका तिसरंच. अर्ज भरले जातात, याद्या लागतात, फी भरली जाते. आणि मग कॉलेज सुरू व्हायला चार दिवस उरले की कुणीतरी विचारतं, "अरे, पण हा राहणार कुठं?"

मग सुरू होते पळापळ! वडील आणि मुलगा खांद्याला पिशवी अडकवून गल्ल्या हिंडतात. मिळेल ती खोली, मिळेल ती खानावळ. "बघू, वर्ष काढू कसंतरी," असं म्हणून कॉट टाकली जाते. तीन-चार वर्षं जिथं झोपायचं, जेवायचं, अभ्यास करायचा, ती जागा अर्ध्या दिवसात ठरते. साधी सायकल घेताना आपण पाच दुकानं फिरतो, हो की नाही?

म्हणून आज गप्पा मारायच्या आहेत त्या राहण्याच्या जागेबद्दल. तुम्ही आठवी-नववीत असाल तर म्हणाल, "आम्हांला काय घाई?" घाई नाहीच. पण ज्याचा विचार आधी होतो, ते काम नीट होतं. आणि अकरावीपासूनच घर सोडावं लागणारी मुलंही आपल्याकडं काही कमी नाहीत.

नकाशा घ्या पाहू!

पुणे जिल्ह्याच्या नकाशात आग्नेय कोपरा शोधा. तिथं शेजारी शेजारी दोन तालुके दिसतील. बारामती आणि इंदापूर. या भागात रोज सकाळी एक गंमत दिसते. काही मुलं इथून बाहेर शिकायला निघतात, आणि बाहेरची मुलं इथं शिकायला येतात!

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, ते १९६२ पासूनचं. विद्या प्रतिष्ठान ही संस्था १९७२ साली सुरू झाली. तिची विद्यानगरी म्हणजे शाळा-कॉलेजांचं एक गावच. जवळच शारदानगरला मुलींचं महाविद्यालय आणि शेतीचं शिक्षण आहे, माळेगावला इंजिनीअरिंग आणि फार्मसी आहे. २०१९ साली बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं. इंदापूरला कला, विज्ञान आणि वाणिज्य महाविद्यालय आहे.

आता अंतरं पाहा. बारामती ते इंदापूर साधारण ५० किलोमीटर. बारामती ते पुणे साधारण १००, आणि इंदापूर ते पुणे साधारण १४०. बारामतीहून दौंडला रेल्वे जाते. इंदापूर गावाला रेल्वे नाही, पुणे-सोलापूर मार्गावरचं भिगवण स्टेशन मात्र याच तालुक्यात आहे. म्हणजे बावड्याच्या किंवा निमगाव केतकीच्या मुलाला बारामतीचं कॉलेज मिळालं काय किंवा पुण्याचं मिळालं काय, "राहायचं कुठं" हा प्रश्न समोर उभा राहतोच.

इथं एक गैरसमज दूर करू या. बारामती आणि इंदापूरची बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. (विद्यापीठ १९४९ सालचं, नावात सावित्रीबाई आल्या २०१४ मध्ये.) म्हणून काहींना वाटतं, आपल्याला विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये खोली मिळेल. पण पुण्यात गणेशखिंडीतल्या आवारातली ती वसतिगृहं मुख्यतः तिथल्याच विभागांत पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन करणाऱ्यांसाठी आहेत. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्याला आपली सोय कॉलेजच्या आसपासच पाहावी लागते.

समोर चार वाटा

पहिली वाट म्हणजे अप-डाउन. घरी राहायचं आणि रोज एस.टी.नं ये-जा करायची. आईच्या हातचं जेवण, स्वतःची गादी, खर्चही कमी. विद्यार्थ्यांना एस.टी.चा सवलतीचा पास मिळतो, आणि बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून फुकट प्रवास आहे. मग आणखी काय हवं?

थांबा, थोडं गणित करू. समजा, इंदापूरहून बारामतीला जायला दीड तास लागतो. यायला दीड तास. म्हणजे दिवसाला तीन तास, आणि स्टँडवर वाट पाहण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. वर्षात कॉलेजचे दिवस २०० धरले तर झाले ६०० तास. आता ६०० ला २४ नं भागा. आलं उत्तर? २५! म्हणजे वर्षातले अख्खे २५ दिवस आणि २५ रात्री तुम्ही गाडीत बसून काढल्या. ज्याला गाडीत वाचता येतं, त्याचं ठीक. पण उभं राहून प्रवास करणारा घरी येतो तेव्हा पुस्तक उघडण्याआधी डोळे मिटतात.

तरीही अंतर दहा-पंधरा किलोमीटर असेल, तर अप-डाउनसारखं सुख नाही. भवानीनगर किंवा माळेगावहून बारामतीला जाणाऱ्यानं उगाच होस्टेलच्या नादी कशाला लागावं?

दुसरी वाट कॉलेजच्या वसतिगृहाची. वर्ग जवळ, लायब्ररी जवळ, सोबतीला मुलं. वर रेक्टर असतात, रात्री हजेरी होते, गेट ठरावीक वेळी बंद होतं. ही शिस्त काहींना जाचते. पण परीक्षेच्या दिवसांत तिचाच आधार वाटतो.

तिसरी वाट सरकारी वसतिगृहाची. समाजकल्याण खात्याची मुलामुलींची वसतिगृहं तालुक्यांच्या गावीही असतात. तिथं राहणं आणि जेवण मोफत असतं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी तिथं जास्त जागा असतात, इतर मागास घटक, अनाथ आणि अपंग विद्यार्थ्यांसाठीही काही राखून ठेवलेल्या असतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास खात्याची वेगळी वसतिगृहं आहेत. प्रवेश गुणांवर मिळतो, म्हणून अर्ज वेळेत हवा.

आणि तिथं नंबर लागला नाही तर? तर रडत बसायचं नाही! २०१६-१७ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या मुलाला बाहेर राहण्या-जेवण्यासाठी तिच्यातून पैसे मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अटी आणि रकमा वेळोवेळी बदलतात. म्हणून कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीवर प्रवेशाच्या दिवशीच विचारायचं, दिवाळीनंतर नाही!

चौथी वाट खोलीची. दोघा-तिघांनी मिळून खोली घ्यायची, नाहीतर कुणाच्या घरी कॉट बेसिसवर राहायचं आणि खानावळीत मेस लावायची. इथं गेट नाही, रेक्टर नाही, हजेरी नाही. ऐकायला झकास वाटतं. पण सकाळी उठवायलाही कुणी नाही आणि ताप आला तर रात्री दार वाजवायचं कुणाचं, हेही ठाऊक नाही!

याशिवाय पुण्याला जाणाऱ्यांसाठी एक नाव ध्यानात ठेवा. विद्यार्थी सहाय्यक समिती. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली ही संस्था सुरू केली, ती खेड्यापाड्यांतल्या गरजू मुलांना पुण्यात राहून शिकता यावं म्हणून. तिथं मुलं वसतिगृहातली कामं स्वतः करतात आणि कमवून शिकतात.

स्वस्त ते खरंच स्वस्त?

जागा निवडताना पहिला प्रश्न येतो पैशांचा, आणि तो यायलाच हवा. पण हिशेब पुरा करायचा, अर्धा नाही. खाली एक उदाहरण देतो. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. तुमच्या गावचे खरे आकडे तुम्हीच भरायचे.

समजा, कॉट बेसिसचं भाडं महिना १८०० रुपये, आणि मालक ११ महिन्यांचं घेतो. झाले १९,८००. होस्टेलची वर्षाची फी आहे २४,०००. बाबा लगेच म्हणतील, "खोलीच बरी, चार हजार वाचतात!"

पण थांबा. खोलीचं लाइट बिल वेगळं. महिना १५० धरलं तर दहा महिन्यांचे १,५००. खोली कॉलेजपासून लांब, रिक्षाला महिना ४०० गेले तर ४,०००. बेरीज करा. १९,८०० अधिक १,५०० अधिक ४,०००. झाले २५,३००! मेसचा खर्च दोन्हीकडं सारखाच धरला, तर महाग कोण ठरलं? खोली! कधी हे उलटंही होतं. कॉलेजला पायी जाता येत असेल, तर खोली स्वस्त पडेल. म्हणून बेरीज केल्याशिवाय "स्वस्त" हा शब्द तोंडातून काढायचाच नाही.

डिपॉझिट परत मिळतं का, कधी मिळतं, पावती देतात का, सुट्टीत घरी गेलं तर मेसचे पैसे वजा होतात का, हेही वहीत लिहून घ्या. मेसमध्ये रविवारी फीस्ट असते आणि संध्याकाळी सुट्टी असते. त्या संध्याकाळी बाहेर खावं लागतं, तोही खर्चच की!

आपल्या भागात एक जुनी युक्ती आहे. घरचा डबा एस.टी.नं पाठवायचा! सकाळी गावच्या थांब्यावर आई डबा गाडीत देते आणि दुपारी मुलगा स्टँडवर जाऊन तो घेतो. असे डबे पुण्याच्या स्वारगेटपर्यंत जातात. कितीतरी मुलं अशा डब्यांवर शिकून मोठी झाली. पैसे वाचतात आणि चवही घरची. फक्त डबा आणायला रोज लागणारा वेळही मोजायला विसरू नका.

पैसे कमवूनही शिकता येतं, बरं का. पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे. विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत लायब्ररी, बाग, ऑफिस अशा ठिकाणी काही तास काम करून विद्यार्थी आपला खर्च भागवतात. यात कमीपणा कसला?

डोळ्यांनी पाहा, कानांनी ऐका

माहितीपुस्तकातला होस्टेलचा फोटो नेहमी सकाळच्या कोवळ्या उन्हातला असतो. तुम्ही मात्र दुपारी जा, आणि जमलं तर पुन्हा संध्याकाळी जा.

दुपारी का? बारामती-इंदापूरचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहे. सगळ्यांत वरच्या मजल्याच्या खोलीत एप्रिलमध्ये स्लॅब असा तापतो, की रात्री दहाला भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. आणि वार्षिक परीक्षा नेमकी त्याच दिवसांत असते! तळमजला गार असतो, पण तिथं पावसाळ्यात ओल आणि डास. मधला मजला मिळाला तर उत्तम. नाही मिळाला, तर खिडक्या समोरासमोर आहेत का ते पाहा. वारा आरपार गेला तर वरची खोलीही सुसह्य होते.

आता पाणी. हा दुष्काळी पट्टा. नीरा डाव्या कालव्यामुळं शेतं हिरवी झाली, तरी उन्हाळ्यात नळाला पाणी किती येतं, ते विचाराच. "पाणी आहे ना?" असं विचारलं तर सगळेच "हो" म्हणतात. विचारायचं असं: "मे महिन्यात पाणी दिवसातून किती वेळ येतं? टँकर कधी लागतो? प्यायचं पाणी कुठून भरता?"

संध्याकाळी का जायचं? कारण तेव्हा मुलं असतात. ऑफिसातल्या माणसाला विचारलेले प्रश्न तिथं राहणाऱ्या मुलांना पुन्हा विचारा. ही यादी कापून वहीत चिकटवा:

१. एका खोलीत किती जण? प्रत्येकाला कॉट, टेबल आणि कुलूप लावता येईल असं कपाट आहे का?
२. किती मुलांमागं एक संडास आणि एक न्हाणीघर? सकाळी सातला रांग केवढी?
३. रात्री किती वाजेपर्यंत दिवा लावू देतात? वेगळी अभ्यासिका आहे का?
४. गेट किती वाजता बंद होतं? उशीर झाला तर कुणाला कळवायचं?
५. रात्री आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं?
६. रेक्टर आवारातच राहतात का? मुलींच्या वसतिगृहात रात्री बाई रेक्टर असतात का?
७. स्टँडपासून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का? शेवटच्या गाडीनं आलं तर पोचता येतं का?
८. मेसच्या समितीत मुलं आहेत का? आज दुपारी काय जेवलात?

शेवटचा प्रश्न फार उपयोगी आहे, बरं का! "जेवण कसं आहे?" असं विचारलं तर "बरंय" एवढंच उत्तर येतं. "आज काय जेवलात?" म्हटलं की सगळी कहाणी बाहेर पडते.

खोलीत शेजारी कोण?

भिंती, पाणी, भाडं हे सगळं झालं. पण खोलीतली सगळ्यांत मोठी गोष्ट कोणती असेल, तर शेजारच्या कॉटवरचा माणूस! रूम पार्टनर!

यात आपल्या महाराष्ट्राची एक मोठी गोष्ट दडलेली आहे. ऐका.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खेड्यातल्या मुलाला शहरातल्या शाळेत प्रवेश मिळाला, तरी शिकता येईलच असं नव्हतं. कारण त्याला राहायला जागा कोण देणार? जेवायला पंगतीत कोण बसवणार? जात विचारल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडू देत नसे. शाळेचं दार उघडं, पण रात्री पाठ टेकायला जागा नाही! कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखलं आणि १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केलं. मग जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. त्या काळी वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसायला घरचेच तयार नव्हते. म्हणून बोर्डिंगं वेगवेगळी. पण आधी मुलं शहरात तर आली, शिकू तर लागली!

याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये एक धिप्पाड मुलगा राहायचा. त्याच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला होता. परत आल्यावर त्याला सांगितलं गेलं, "आंघोळ कर, मगच आत ये." त्यानं नकार दिला, आणि त्याची राहण्याची जागा गेली!

कोण होता हा मुलगा? भाऊराव पाटील! पुढं सगळा महाराष्ट्र ज्यांना कर्मवीर म्हणू लागला, ते. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात एक बोर्डिंग काढलं. त्याचं वेगळेपण काय? तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहायची, मिळून काम करायची आणि एकाच पंगतीत जेवायची. १९२७ साली महात्मा गांधी तिथं येऊन गेले, आणि बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांच्या पोटासाठी धान्य संपलं, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं.

आपल्या शेजारच्या सोलापूरलाही १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. मुलींचं पाहाल तर पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, आणि महर्षी कर्व्यांची संस्था १८९६ ची. तिथंही शिकण्याइतकीच राहण्याची सोय महत्त्वाची होती.

म्हणजे पाहा, ज्यांना मुलांना शिकवायचं होतं, त्या सगळ्यांनी जेवणाच्या ताटाचा आणि झोपायच्या जागेचा विचार आधी केला. फळा आणि खडू नंतर!

आता तुमच्या खोलीकडं वळू. होस्टेलला गेल्यावर पहिला मोह कोणता होतो? आपल्या गावचा, आपल्या शाळेतला, आपल्या ओळखीचा पार्टनर शोधायचा. साहजिकच आहे. पहिले आठ दिवस घरची आठवण येते, तेव्हा ओळखीचा चेहरा बरा वाटतो. पण वर्षभर इंदापूरकर इंदापूरकरांतच आणि बारामतीकर बारामतीकरांतच राहिले, तर घर सोडून मिळवलं काय? खोलीत एक लातूरचा असेल, एक नंदुरबारचा असेल, तर त्याची बोली, त्याच्या आईच्या हातची चटणी, त्याच्या गावचं पाणी आणि पीक हे सगळं न शिकवता शिकायला मिळतं. शाहू महाराज आणि भाऊराव यांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं, ती पंगत तुमच्या खोलीतल्या डब्याभोवती रोज बसू शकते. पार्टनर निवडायची संधी मिळाली, तर आडनाव विचारू नका. हे विचारा: "तू रात्री जागतोस की पहाटे उठतोस?" खोलीतली निम्मी भांडणं दिव्यावरूनच होतात!

आणि पार्टनरशी नाहीच जमलं तर? महिनाभर प्रयत्न करा, स्पष्ट बोला. मग रेक्टरांना सांगून खोली बदलून घ्या. त्यात गुन्हा काही नाही.

हे मात्र सहन करायचं नाही

चेष्टामस्करी वेगळी आणि रॅगिंग वेगळं. ज्यानं तुम्हांला लाज वाटते, भीती वाटते, इजा होते, ते रॅगिंग. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ साली सगळ्या देशासाठी नियम केले आहेत. प्रवेश घेताना विद्यार्थी आणि पालक दोघांनाही हमीपत्र द्यावं लागतं. १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत तक्रार करता येते. हा क्रमांक मोबाइलमध्ये तर ठेवाच, वहीच्या पहिल्या पानावरही लिहा. आणि रॅगिंग होतंय असं दिसलं, तर ते दुसऱ्याचं होत असलं तरी बोला. गप्प बसणारा पुढच्या वर्षी स्वतःच ते करायला लागतो.

आतापासूनच सराव!

वसतिगृहात पाऊल ठेवण्याआधी स्वतःची एक परीक्षा घ्या. येत्या सुट्टीत आठ दिवस हे करून पाहा. कुणी न उठवता उठा. आपले कपडे आपणच धुवा. ताटातलं सगळं संपवा, मग भाजी आवडीची असो वा नसो. आठवड्याच्या खर्चाला ठरावीक रक्कम घ्या आणि पै न् पैचा हिशेब लिहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून दोन तास अभ्यास करा. भात, खिचडी आणि पोहे करायला शिका. हो, मुलांनीसुद्धा!

सहांपैकी चार गोष्टी जमल्या, तर तुम्ही कुठंही राहू शकाल. दोनच जमल्या, तर शिस्तीचं वसतिगृह निवडा. ती शिस्तच तुमची मोठी बहीण होईल. एकही जमली नाही? मग आजपासून सुरुवात करा. अजून वेळ आहे!

आई-बाबा, हे तुमच्यासाठी

पालकहो, दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, जागा पाहायला जाताना मुलाला सोबत न्या आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या. राहायचं त्याला आहे. तो चाचरेल, विसरेल, पण विचारायला शिकेल.

दुसरी गोष्ट मुलींची. मुलाला पुण्यात खोली घेऊन देणारं घर मुलीला म्हणतं, "जवळचंच कॉलेज बघ." जवळचं नसेल, तर "अप-डाउन कर." आणि शेवटची गाडी चुकायला लागली, की "पुरे झालं आता शिक्षण." काळजी खोटी नाही. पण काळजीचं उत्तर म्हणून मुलीचं शिक्षण थांबवायचं नसतं, चांगली जागा शोधायची असते. वरची यादी घेऊन दोन वसतिगृहं पाहून या. रेक्टरबाईंशी बोला. तिथं राहणाऱ्या दोन मुलींशी बोला. एका रविवारच्या त्या फेरीवर तुमच्या लेकीची पुढची चार वर्षं ठरतील.

तर दोस्तांनो, काय ठरलं? कॉलेजची यादी कराल, तेव्हा प्रत्येक नावासमोर आणखी एक रकाना आखायचा. "राहायचं कुठं?" तो रकाना रिकामा असेल, तर ती निवड अजून अर्धीच झाली आहे. आणि तुमच्या वर्गात एखादा हुशार मित्र किंवा मैत्रीण केवळ राहायची सोय नाही म्हणून शिक्षण सोडायला निघाली असेल, तर तिला आधी या योजनांबद्दल सांगा. कुणास ठाऊक, तुमच्या एका वाक्यानं तिला तिची कॉट मिळून जाईल!